लिफ्टवाल्यांनी बोलावं कसं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात माणसं चार होती आणि बोलण्याच्या तऱ्हाही चार. दुकान दोघा भावांचं. थोरल्यांना तोंडावर सगळे दादा म्हणत आणि पाठीमागे ‘तार’ म्हणत. पूर्वी तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, आणि दादा ते पैसे अजून वाचवत होते. ‘येतो’, ‘बघू’, ‘झालं’ एवढ्या भांडवलावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. धाकट्यांचं नाव ‘रेडिओ’ होतं. ते का, हे त्यांना एकदा भेटलेल्या कुणालाही सांगावं लागत नसे. तिसरे मिस्त्री, वडिलांच्या काळापासून दुकानात असलेले. त्यांना लिफ्ट अंगाखांद्यावर खेळवलेल्या लेकरासारखी कळायची, पण लिफ्टमध्ये माणसंही असतात हे ते अधूनमधून विसरायचे. आणि चौथ्या वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी. त्या फोनवर बसायच्या.

लग्नाआधी वहिनी एसटीच्या एका मोठ्या स्थानकात चौकशीच्या खिडकीत होत्या. दिवसभर माणसं जाळीला तोंड लावून विचारायची आणि वहिनी सांगायच्या. लग्नानंतर ती नोकरी सुटली आणि पुढे दुकानातला फोन घेणारा कारकून दुसरीकडे गेला, तेव्हा दादा घरी येऊन म्हणाले, “फोन.” वहिनींनी त्याचा अर्थ लावला आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात जायला लागल्या. दादांच्या एका शब्दाचा अर्थ लावण्यात तोवर त्या चांगल्याच तरबेज झाल्या होत्या. दादांची तब्येत कशी आहे असं शेजारणीनं विचारलं की वहिनी सांगत, “काही बोलले नाहीत, म्हणजे बरी असेल.”

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे निदान कुणी तसं नाही म्हटलं नव्हतं. मग एक दिवस एका मोठ्या इमारतीचे सेक्रेटरी दुकानात आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. इमारतीची लिफ्ट बंद पडली होती तेव्हा दुकानातून त्यांना आलेली उत्तरं त्यांनी एकाखाली एक छापून आणली होती. दादांनी लिहिलं होतं, “येतो.” ते कधी, कोण आणि कुठल्या इमारतीत, याचा पत्ता नव्हता. धाकट्यांनी लिहिलं होतं, “नमस्कार. आपण आमचे ग्राहक नसून आमच्या कुटुंबातील एक सदस्य आहात. आपल्या गैरसोयीने आमच्या काळजाला घरे पडली आहेत.” पुढे फुलं होती, जोडलेले हात होते आणि उगवता सूर्य होता. लिफ्टबद्दल काही नव्हतं. तिसरं उत्तर लेखी नव्हतं, पण मिस्त्री तोंडानं जे बोलले ते सेक्रेटरींनी सहीसकट टिपून ठेवलं होतं. सही सेक्रेटरींचीच. “हिचं काही खरं नाही. कधीही जाईल.”

“माझा प्रश्न साधा आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “तुमची कंपनी एक आहे की तीन?”

धाकटे उत्तर द्यायला लागले. सेक्रेटरींनी हात वर केला. कुटुंबातील सदस्य म्हणून आपलं नातं नेमकं काय लागतं हे इमारतीच्या सभेत एकानं विचारलं होतं आणि त्यावर बराच वेळ गेला होता, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांचं खरं गाऱ्हाणं वेगळंच होतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहत होत्या. मिस्त्री लिफ्टचं काम करत असताना त्या तिथेच उभ्या होत्या. “काही खरं नाही” हे त्यांनी ऐकलं आणि त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नाही. जिना उतरायला गुडघे तयार नव्हते. म्हणजे त्या घरातून बाहेरच पडल्या नव्हत्या. भाजी दोरीला टोपली बांधून वर घेत होत्या.

मिस्त्री कोपऱ्यात पाना पुसत होते. ते म्हणाले, “अहो, मी पंख्याबद्दल बोललो होतो. लिफ्टच्या आतला पंखा.”

दादा तर एरवीही बोलत नसत, पण या वेळी न बोलणाऱ्यांत सगळेच होते.

त्याच दिवशी वहिनी त्या आजींकडे गेल्या. आजी रागावलेल्या अजिबात नव्हत्या. उलट मिस्त्रींचं कौतुक करत होत्या. माणूस सरळ आहे, म्हणाल्या, बाकीचे खोटा धीर देतात. त्यांच्या धाकट्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच काळात झालं होतं आणि यांना जाता आलं नव्हतं. बहीण रुसली होती. वहिनींनी त्यांना पंख्याचं सांगितलं. आजींनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पंखा पडला असता तर डोक्यातच पडला असता ना?” वहिनींनी आणखी समजावण्याचा नाद सोडला. त्या आजींचा हात धरून लिफ्टमध्ये गेल्या, स्वतः आधी, आणि दोघी खाली गेल्या, वर आल्या, पुन्हा खाली गेल्या. तिसऱ्या खेपेला आजी म्हणाल्या की आता आलोच आहोत तर बहिणीकडेच जाऊन येते. पायात घरातल्या सपाता होत्या. तशाच गेल्या.

परत येऊन वहिनींनी जाहीर केलं की दुकानात बोलायचं कसं आणि लिहायचं कसं हे एकदा ठरवून कागदावर आणायचं. चौघांनाही ते लागू. दादा म्हणाले, “बघू.” वहिनी म्हणाल्या, “हा शब्द पहिला जाणार.”

त्यानंतर दुपारच्या चहाला बैठका सुरू झाल्या. पहिली बैठक ‘नमस्कार’ या शब्दावरच संपली. दादांचं म्हणणं असं होतं की, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरून वहिनींनी काढलेलं म्हणणं असं होतं, की लिफ्ट बंद पडलेल्या माणसाला नमस्कार नको असतो. धाकट्यांना एक नमस्कार कमी वाटत होता. शेवटी असं ठरलं की नमस्कार एकदाच, आणि लगेच आपण कोण बोलतोय ते. फुलं आणि सूर्य काढून टाकले. जोडलेले हात धाकट्यांनी फार आग्रह केला म्हणून दिवाणखान्यातल्या पाहुण्यासारखे काही दिवस राहिले आणि मग तेही गेले. धाकट्यांना एक घोषवाक्यही हवं होतं, “उंचीवर नेणारी माणसं.” वहिनींनी विचारलं, “आणि भावोजी, खाली कोण आणणार?” धाकटे त्यावर विचार करत बसले आणि ती बैठक बरीच लवकर आटोपली.

‘येतो’ला मात्र वहिनींनी सोडलं नाही. नुसतं ‘येतो’ कुणी लिहायचं नाही. कोण येतंय, कुठून निघालंय आणि साधारण कधी पोचेल, हे लिहायचं. नक्की सांगता येत नसेल तर पुन्हा कधी कळवू ते सांगायचं आणि तेव्हा कळवायचं, सांगण्यासारखं काही नसलं तरी. दादांनी तो मजकूर वाचला आणि तो त्यांना एखाद्या कादंबरीएवढा वाटला असावा, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला.

सगळ्यात जास्त वेळ मिस्त्रींच्या शब्दांवर गेला. त्यांच्या भाषेत लिफ्ट मरायची, मोटर बसायची, फ्यूज उडायचा, ब्रेक झोपायचा आणि दार वेड्यासारखं करायचं. वहिनींनी एकेक शब्द घेऊन विचारलं की हा ऐकून माणूस लिफ्टमध्ये बसेल का.

“म्हणजे खोटं बोलायचं?” मिस्त्रींनी विचारलं. त्यांना खरंच लागलं होतं. “मी आजवर कुणाशी खोटं बोललो नाही, वहिनी.”

“खोटं नको. अर्धं नको, एवढंच. पंखा खराब आहे तर पंखा म्हणा.”

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. “पंखा म्हटलं असतं तर आजी बहिणीकडे गेल्या असत्या,” ते म्हणाले. नंतर त्यांनी स्वतःच ‘मरणे’ यादीतून काढलं. ‘बसणे’ फक्त मोटरसाठी राहिलं, तेही आपापसात.

शेवटचा भाग लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी फोनवर कसं बोलायचं याचा होता, आणि तो वहिनींनी एकट्यांनीच लिहिला, कारण ते फोन त्याच घेत आल्या होत्या. ‘घाबरू नका’ असं म्हणायचं नाही, असं त्यांनी लिहिलं. तोवर माणूस घाबरलेला नसतो, आपण आठवण करून देतो. त्याऐवजी आपण काय करतोय ते सांगायचं. मिस्त्री पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही आणि गप्पही बसायचं नाही. गप्प बसलं की आतल्या माणसाला लिफ्टचे आवाज ऐकू यायला लागतात. काही सुचेना तर त्याला विचारायचं, समोर काय दिसतंय. तिथून पुढे बोलणं आपोआप निघतं.

“कुणाचं?” दादांनी विचारलं. त्या बैठकीतला त्यांचा तो एकमेव शब्द.

कागद छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून फोनच्या वरच्या भिंतीवर लागला. धाकट्यांनी त्याची एक प्रत मोबाइलमध्ये ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. मिस्त्रींनी आपली प्रत घडी करून अवजारांच्या पेटीत टाकली. दादांनी काही केलं नाही. त्यांचे निरोप मात्र लांब झाले. “मिस्त्री निघाले. अर्ध्या तासात पोचतील,” असं ते लिहू लागले. लिहून झालं की जिना चढून आल्यासारखे खुर्चीत मागे टेकायचे.

असे काही आठवडे गेले आणि वहिनींची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी सुई टोचून अर्धा चेहरा बधिर केला, दाढ काढली आणि संध्याकाळपर्यंत बोलू नका म्हणून सांगितलं. ती सूचना तशी अनावश्यक होती. जीभ तोंडात दुसऱ्या कुणाची ठेवल्यासारखी पडली होती. वहिनी गालावर रुमाल धरून दुकानात परत आल्या, तेव्हा दुपार टळत होती. धाकटे आणि मिस्त्री गाडी घेऊन पुलाकडच्या कामावर गेलेले होते. दुकानात दादा एकटे होते, दाराकडे पाठ करून, भिंतीवरच्या कागदाकडे तोंड करून. त्यांच्या कानाला फोन होता. आणि ते बोलत होते.

वहिनींना आधी वाटलं की दुसरंच कुणीतरी बसलंय.

“हो, ऐकतोय,” दादा म्हणत होते. “मिस्त्री निघालेत. पाइपसाठी रस्ता खोदलाय, म्हणून गाडी सोडून चालत येतायत.” मग थांबले. नजर कागदावर खाली खाली उतरत गेली आणि तळाशी पोचली. “समोर काय दिसतंय?... भिंत. बरं. कुठल्या रंगाची?... हिरवी.”

आता संपलं, वहिनींना वाटलं. त्यांनी फोन घ्यायला हात पुढे केला आणि मग आठवलं की आपल्याला बोलताच येत नाहीये. हात तसाच मागे घेतला.

“आमच्या घरी पडदे हिरवे आहेत,” दादा म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“नाही. मला नाही आवडत... पहिल्यापासून. नाही, सांगितलं नाही. बायकोनं हौसेनं आणले होते. शिडीवर चढून लावत होती, वरूनच म्हणाली, कसे दिसतात? मी म्हटलं, बरे... तेव्हापासून आहेत. मध्ये एकदा फाटले, तर तिनं शोधून शोधून तसेच आणले. मला आवडतात म्हणून.”

वहिनी दारातल्या स्टुलावर बसल्या.

आत अडकलेला माणूस फरशी बसवणारा कारागीर होता, हे त्यांना नंतर कळलं. दणकट माणूस, सिमेंटचं घमेलं घेऊन चढलेला. त्यानं पुढे काय विचारलं ते वहिनींना ऐकू आलं नाही. वहिनींना फक्त दादांची मान दिसत होती. केस कापायला झाले होते.

“मला?” दादा म्हणाले. “हो. वाटते की. बंद जागेची भीती वाटते. लहानपणापासून... अहो, धंदा वडिलांचा. माझ्या आवडीचा कुठला? म्हणून तर मी दुकानात बसतो आणि भाऊ बाहेर फिरतो.”

वहिनींची बहीण आठव्या मजल्यावर राहायची. लग्न झाल्यापासून दादा तिथे जिन्यानं चढत आले होते आणि नवरा चढतोय म्हणून वहिनीही चढत आल्या होत्या. लिफ्टवाल्याची बायको लिफ्ट सोडून जिन्यानं येते म्हणून बहीण हसायची. हे व्यायाम करतात, असं वहिनी सगळ्यांना सांगायच्या. चौथ्या मजल्यावर दम लागला की मनात त्या व्यायामाला शिव्या द्यायच्या.

“बायकोला माहीत नाही,” दादा सांगत होते. “विचारलं नाही तिनं. म्हणजे विचारलं असेल, मी बघू म्हटलं असेन... तसं नाही हो. ती बोलत असते ना, दिवसभर, फोनवर, घरी. मला ते ऐकायला बरं वाटतं. मी मध्ये बोललो की ती थांबते. ती थांबलेली मला आवडत नाही.”

फोनच्या पलीकडे बहुधा कुणीतरी दार ठोठावलं, कारण दादा एकदम ताठ बसले. “आले का? छान. आता ते वर जाऊन हातानं लिफ्ट खाली घेतील. हलल्यासारखं वाटेल. ते हलणं आमचंच आहे... मी आहे. ठेवत नाही.” बाहेर आलो असं पलीकडून सांगितल्यावरही त्यांनी थोडा वेळ फोन कानाला धरून ठेवला. मग ठेवला आणि खुर्ची वळवली.

वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. गालावर रुमाल होता.

“दात?” दादा म्हणाले.

वहिनींनी मान हलवली.

“कधी आलीस?”

वहिनींनी हातानं खूण केली की आत्ताच, आत्ता या क्षणी. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. उठून माठातलं पाणी आणलं, मग लक्षात आलं की ते पिता येणार नाही, आणि ग्लास हातात घेऊन उभे राहिले. एरवी अशा वेळी वहिनी काहीतरी बोलल्या असत्या. आज पंख्याचा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा वाटला.

त्या संध्याकाळी जीभ आपली झाली तरी वहिनींनी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी पडद्यांकडे पाहायचं त्या टाळत होत्या, आणि घरातले पडदे टाळणं सोपं नसतं. एकदा त्यांना राग आला, की एका फरशीवाल्याला जे कळतं ते मला का नाही. एकदा हसू आलं, आणि ते दादांसमोरच आलं. “काय?” दादांनी विचारलं. “काही नाही,” वहिनी म्हणाल्या, आणि हे उत्तर नेहमी कुणाचं असतं हे त्यांच्या ध्यानात आलं.

मग एक दिवस तो फरशीवाला दुकानात आभार मानायला आला. फोनवरचे साहेब कोण म्हणून त्यानं विचारलं. धाकटे आपणच असू अशा थाटात उठले होते, पण मिस्त्रींनी दादांकडे बोट दाखवलं. फरशीवाल्यानं दादांचा हात दोन्ही हातांत घेतला. “साहेब, तुम्ही बोलत होता म्हणून निभावलं,” तो म्हणाला, आणि अगदी घरचं विचारावं तसं त्यानं विचारलं, “मग? पडदे बदलले का?”

धाकट्यांनी मोबाइलमधून मान वर काढली. “कसले पडदे?”

दादा वहिनींकडे पाहत होते. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे नव्हे. लिफ्टचं दार आता उघडेल की मग, एवढंच बघत असलेल्या माणसासारखे.

“बदलायचेत,” वहिनी म्हणाल्या. “रंग ह्यांनी सांगायचाय.”

“पांढरे,” दादा म्हणाले. वहिनी गप्प राहिल्या. त्यांना ते जमत नव्हतं, पण राहिल्या. दादांनाही कळलं असावं की एवढ्यानं भागणार नाही. “पांढरे नकोत, मळतील. राखाडी घेऊ. आणि जाड नकोत, सकाळचा उजेड आत यायला हवा, माझी खाट त्या बाजूला आहे म्हणून.”

मिस्त्री नंतर म्हणाले की वडील होते तेव्हापासून आपण दादांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं. धाकटे म्हणाले की लांबीत दम होता, पण सुरुवातीला नमस्कार हवा होता.

दुकानाचं बरं चाललं. सेक्रेटरींनी पुन्हा एकदा कागद आणला, या वेळी अभिप्राय म्हणून. “आता कंपनी एक वाटते,” त्यांनी लिहिलं होतं. “फक्त ती फोनवर थोडी जास्त वेळ घेते.” अडकलेल्यांचे फोन अधूनमधून दादा घेऊ लागले. वहिनी तेवढ्या वेळात उगाच बाहेर जाऊन यायच्या. दादांनी काय सांगितलं ते ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आपल्याला सांगायचं ते आपल्याला सांगतील.

पडदे आले. त्याच्या पुढच्या रविवारी दोघं बहिणीकडे निघाली. इमारतीच्या दारात लिफ्ट उघडीच उभी होती. आत दिवा होता, पंखा चालू होता. दादा सवयीनं पायरीकडे वळले.

“चला,” वहिनी म्हणाल्या, आणि पायरी चढल्या. “पण अहो, एक विचारू? लहानपणी काय झालं होतं?”

दुसऱ्या मजल्यावर दादा कठड्याला हात लावून थांबले आणि म्हणाले की वडील एकदा त्यांना कामावर घेऊन गेले होते. मग सांगायला लागले. आधी तुटक तुटक, जिन्याच्या पायऱ्यांसारखं, पुढे जरा सलग. वडिलांनी त्यांना लिफ्टमध्ये उभं करून बटण दाबायला सांगितलं होतं आणि स्वतः वर मशीनपाशी गेले होते. तिथे त्यांना कुणीतरी भेटलं आणि लिफ्ट मध्येच बंद आहे हे विसरून ते गप्पांत रमले. चौथ्या मजल्यावर वहिनींना दम लागला, पण मध्ये थांबलं तर हे थांबतील म्हणून त्या तशाच चढत राहिल्या. सहाव्यावर दादाच टेकले आणि म्हणाले की वडिलांचं हसणं ऐकू येत होतं, हाकेला ओ मात्र येत नव्हती.

आठव्या मजल्यावर पावलं वाजली म्हणून बहिणीनं दार उघडलं आणि नेहमीसारखी तोंड भरून हसत काहीतरी म्हणायला गेली. वहिनींनी तिला हातानंच थोपवलं.

“थांब जरा,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “हे बोलतायत.”